जुना ३९ एचपी बांधून घ्यायचा की नवा? सीआरडीआयवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल डिझेल इंजिनावर) किती भरवसा ठेवावा?

काटोल_बागायत

राम राम मंडळी. जाणकारांचं मत हवं आहे.

ट्रॅक्टर २००७ चा, ३९ एचपी, तीन सिलिंडर, इनलाइन पंप, ड्राय ब्रेक. मीटर कधीचं बंद आहे, पण ९ हजार तासांच्या पुढे नक्की गेला असेल. सकाळी सुरू केला की निळा धूर, पाचेक मिनिटांत विरळ होतो, रोटाव्हेटरचा लोड आला की पुन्हा दिसतो. ऑइल दर १० तासांना पाऊण लिटर खातो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) वाफ निघते. तेल गरम झालं की लिफ्ट खाली बसते.

काम असं: संत्र्याची ६ एकर बाग, बाकी १४ एकर कापूस-सोयाबीन-तूर, सगळी काळी भारी जमीन. ५ फुटी रोटाव्हेटर, पंजी (कल्टिव्हेटर), फवारणीचा ब्लोअर आणि हंगामात नागपूरच्या कळमना बाजाराला ट्रॉली. वर्षाला ५०० तासांच्या आसपास. डिझेल ड्रमात आणून ठेवतो, पंप १२ किलोमीटरवर आहे.

मिस्त्री म्हणतो, "हाच बांधून घ्या, आताच्या गाड्यांत दम नाही, सेन्सर गेला की उभी." शोरूमवाला ५५ एचपीचा सीआरडीआय दाखवतो. खरं काय? नवं खरंच लवकर बिघडतं, की जुनं सवयीचं असल्यामुळे तसं वाटतं?

---

नोजल_वाडी

आधी इंजिनाचं बघू. नवं-जुनं नंतर.

ऑइल किती खातो हे तासांवर न मोजता डिझेलशी ताडून बघा. १० तासांत रोटाव्हेटरवर ४० लिटर डिझेल धरलं तर पाऊण लिटर ऑइल म्हणजे जवळपास दोन टक्के. एक टक्क्याच्या वर गेलं की रिंग-लायनर संपले असं समजायला हरकत नाही. निळा धूर फक्त सकाळी येऊन थांबला असता तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घेतला असता. लोडवर परत येतो, ब्रीदरही वाफ टाकतो, म्हणजे गॅस पिस्टनच्या बाजूने खाली उतरते आहे.

आता प्रश्न हाफ इंजिन (क्रँक न काढता) की फुल. याचं उत्तर ऑइल प्रेशर देतं. तासभर लोडवर चालवून, इंजिन पूर्ण गरम असताना ऑइल गॅलरीला बाहेरून मेकॅनिकल गेज लावा. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. आयडलला १ बारच्या आसपास आणि फुल रेसला ३ ते ४ बार मिळालं तर क्रँक-बेअरिंग अजून ठीक आहे, लायनर-पिस्टन-रिंग, बिगएंड बेअरिंग आणि हेडचं काम करून भागेल. आयडलला अर्ध्या बारवर येत असेल तर क्रँक काढावाच लागेल. मग प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्या. अंडाकृती झाला असेल तर ०.२५ मिलिमीटर ग्राइंड, म्हणजे दुकानातलं "दहा नंबर" बेअरिंग. आधीच वीस नंबरवर गेलेला क्रँक असेल तर पुढे किती ग्राइंड चालतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा.

जुन्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकू देऊ नका. लायनरच्या वरच्या टोकाला कड तयार झालेली असते, नवी वरची रिंग तिला आपटते आणि तुटते. स्वस्तातला हा जुगाड एक हंगामही काढत नाही.

लायनर ओले असतील, म्हणजे बाहेरून पाणी फिरत असेल, तर काढल्यावर त्यांची बाहेरची बाजू बघा. सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर कूलंटऐवजी विहीर-बोअरचं पाणी घातल्याचा तो पुरावा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षारही बसतो, रेडिएटरच्या नळ्या आतून अरुंद होतात. नवीन किट टाकून पुन्हा बोअरचं पाणी ओतलं तर सगळा खर्च पाण्यात. तयार कूलंट घाला, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

आणि मूळ कारण शोधल्याशिवाय इंजिन बांधू नका. लायनर खाते ती धूळ. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं मातकट झालं तर क्लॅम्प किंवा पाइप चिरलेला आहे. दुसरी चाचणी: इंजिन आयडलला ठेवून एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा, हात लावू नका. तुमच्यासारख्या बिनटर्बो इंजिनाने दोन-चार सेकंदांत बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर हवा मधूनच कुठून तरी घुसते आहे. ऑइल बाथ क्लीनर असेल तर रोटाव्हेटरच्या दिवसांत रोज वाटी उघडायची. खाली सेंटीमीटरभर चिखल बसला की तेल बदला, आणि खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल इंजिन ओढतं.

नोजल तिन्ही टेस्टरवर लावा. साधारण २०० बारच्या आसपास उघडतात, नेमका आकडा मॉडेलप्रमाणे. टपकणारं नोजल पिस्टन जाळतं आणि ऑइल पातळ करतं.

---

उमरेड_वखर

मिस्त्रीचं अर्धं खरं हाय भाऊ, पण "आताच्या गाड्या" असं एकच माप लावून राहिला तो.

ट्रॅक्टरमध्ये रेष ५० एचपीवर पडते. १ जानेवारी २०२३ पासून ५० च्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरले जास्त दाबाची एकच नळी), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी नळी) अन् धुराच्या साफसफाईची भांडी आली ती तिथं. ५० च्या आतले तेव्हा जुन्या ट्रेम-३ए वरच राहिले, त्यांत बहुतेक ठिकाणी मेकॅनिकल पंपच येत आला, इनलाइन नाहीतर रोटरी. म्हणून तं बाजारात ४९-४९.५ एचपीच्या मॉडेलांची एवढी गर्दी हाय. तुम्ही ४२-४५ एचपीचा नवा घेतला तर सेन्सरची भीती बरीचशी गेली, अन् गिअरबॉक्स, ब्रेक, लिफ्ट नव्या काळची मिळते. ५ फुटी रोटाव्हेटरला ५५ एचपी काऊन पाह्यजे? ६ फुटी असता तर ४५-५० चा विचार केला असता.

रोटरी पंप असेल तर एक ध्यानात ठेवा. इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइलचं वंगण असते, रोटरी पंपाचं सगळं वंगण डिझेलच करते. पाणी मिसळलेलं डिझेल इनलाइन थोडं सहन करून घेते, रोटरी जाम होते. रॉकेल मिसळायची सवय असेल तर ती सोडा.

नव्यातल्या ऑइल इमर्स्ड (तेलात बुडालेल्या) ब्रेकले लोक उगीच घाबरून राहिले. मौदा-रामटेककडं धानाच्या चिखलात ड्राय ब्रेकच्या प्लेटा किती दिवस टिकतात ते तिथल्या कोणालेही विचारा. बुडीत ब्रेक बरीच वर्षं उघडावे लागत नाहीत, फक्त तेल योग्य पाह्यजे. गिअर, लिफ्ट अन् ब्रेक तिघांले एकच तेल असते, ४०-५० लिटरच्या घरात. त्यात दुकानदारानं साधं ९० नंबर गिअर ऑइल भरलं तर ब्रेक दाबल्यावर गुरगुर सुरू होते अन् लिफ्ट थंडीत मंद होते. डब्यावर कंपनीनं सांगितलेला यूटीटीओ (तिन्ही कामांच्या एकाच तेलाचा) ग्रेड वाचूनच घ्या.

आणखी एक. नव्यात क्लचच्या पायाखाली अन् पीटीओच्या (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शाफ्टच्या) दांडीपाशी सेफ्टी स्विच असतात. सेल्फ "टक" पण करत नाही तेव्हा दहा जण बॅटरी बदलायले धावतात. आधी क्लच पूर्ण दाबा, पीटीओ काढा, मग तो स्विच पुसून पाहा. वायर जोडून स्विच कायमचा बाद करू नका. गिअरमध्ये असताना सेल्फ मारला तर ट्रॅक्टर पुढच्या माणसाच्या अंगावर जाते.

---

रेल_१६००

वरचं दोन्ही बरोबर. सीआरडीआयची बाजू मात्र कोणी धड मांडत नाही म्हणून लिहितो.

जुनं इंजिन हळूहळू मरतं. धूर वाढतो, ताकद कमी होते, ऑइल जातं, तरी हंगाम निघून जातो. कॉमन रेल इंजिनाचे लायनर, पिस्टन, बेअरिंग उलट जास्त काळ चांगले राहतात, कारण डिझेल नेमकं जळतं. पण एखादी अट पूर्ण झाली नाही की ते सरळ थांबतं किंवा ताकद कापतं. माणसाला "बिघडलं" वाटतं. बऱ्याचदा ते स्वतःला वाचवत असतं. पंख्याचा पट्टा तुटला तर ईसीयू तापमान बघून ताकद उतरवतं. जुना ट्रॅक्टर अशा वेळी हेड वाकेपर्यंत ओढत राहतो.

आता ड्रमचा मुद्दा. तुमच्या बाबतीत निर्णय यावरच फिरतो.

जुन्या नोजलला सुमारे २०० बार, रेलमध्ये १६०० बार आणि त्याच्याही वर. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या. जे पाणी आणि गाळ तुमचा इनलाइन पंप आजवर गिळत आला, तेच या इंजेक्टरला मारतं. सीआरडीआय घ्यायचाच असेल तर:

ड्रम आडवा, मागची बाजू दोन-तीन इंच खाली, तोंड वरच्या बाजूला. भरून आणल्यावर २४ तास हलवायचा नाही. नळी तळापासून निदान १० सेंटीमीटर वर, तळातलं डिझेल ट्रॅक्टरला नाहीच. जस्ताचा मुलामा असलेलं भांडं नको, डिझेल जस्ताशी मिळून फिल्टर तुंबवणारा मेणकट गाळ तयार होतो. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी भरा, रिकामी टाकी रात्रभर राहिली की पावसाळ्यात आत दव धरतं. रोज सकाळी सेल्फ मारायच्या आधी वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. पाणी खाली वेगळं दिसतं.

फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये डब्यातलं डिझेल ओतून भरायची जुनी सवय इथे घातक. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि थेट स्वच्छ बाजूला जातं. फिल्टर कोरडा बसवा, हँड प्रायमरने हवा काढा.

मिस्त्री मंडळींसाठी: जुन्या इंजिनात कोणतं सिलिंडर मिस मारतं ते बघायला चालू इंजिनात नोजलच्या पाइपचा नट सैल करायची पद्धत आहे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. १६०० बारची धार हातमोज्यासकट कातडीत शिरते, बाहेरून फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत डिझेल पसरतं. तशी जखम झाली तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

विजेचं: बॅटरी सेल्फ मारताना ९.५-१० व्होल्टच्या खाली गेली की ईसीयू मध्येच झोपतं. इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, आणि लोक पंप उघडतात. मीटर लावून बघा. बंद असताना १२.६, चालू झाल्यावर १३.८ ते १४.४. पूर्ण बसलेल्या बॅटरीवर ढकलून किंवा उतारावर सोडून सुरू करायचं विसरा. ईसीयूला वीज आणि रेलला साधारण दोनशे बार मिळाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाही. हूक किंवा ट्रॉलीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि ईसीयूचा प्लग काढा. प्रेशर पंपाची धार कनेक्टरवर मारू नका. शेडमध्ये पऱ्हाटीचा ढीग असेल तर उंदीर हार्नेस कुरतडणारच, ट्रॅक्टर त्या ढिगापासून दूर उभा करा.

दिवा लागला तर कोड लिहून घ्या आणि मगच बॅटरी काढा. एसपीएन पद्धतीचे कोड येत असतील तर काही पाठच असू द्या: ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी, ९४ फिल्टरकडून येणारा डिझेलचा दाब, १५७ रेलचा दाब, १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १६८ बॅटरी. १५७ आला की लगेच पंप बदलायला सांगतात. आधी फिल्टर आणि टाकीपासूनची नळी तपासा. हवा ओढणारा एक क्लॅम्पही हाच कोड देतो.

डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेलं मॉडेल असेल तर ऑइल कमी राखेचं, सीके-४ ग्रेडचं, डब्यावर बघून. साफसफाई, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, सुरू झाली की मध्येच बंद करू नका. त्या वेळी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं, म्हणून कुटाराच्या गंजीजवळ किंवा सुक्या गवतावर ट्रॅक्टर उभा नको. कळमन्याच्या रांगेत तासन्‌तास आयडलला ठेवायची सवय डीपीएफला सगळ्यात वाईट.

---

काटोल_बागायत

आभार मंडळी. ड्रमचं वाचून ५५ एचपी मनातून उतरला.

दोन शंका. लिफ्टचं काय? ती दुरुस्त होण्यासारखी नसेल तर इंजिनावर पैसे का घालू? आणि ४५ च्या आतले नवे तीन-चार मॉडेल समोर आहेत, शोरूममध्ये सगळेच चांगले. पारखायचे कसे?

---

हायड्रॉलिक_कळमेश्वर

लिफ्ट: तेल गरम असताना रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, दांडीला हात लावू नका. खाली माणूस नको, पायही नको. काही मिनिटांतच खाली आला तर पंपाचा दोष नाही. रॅम सिलिंडरचं सील नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. सील-ओरिंगचं काम स्वस्त असतं. वरचं कव्हर उघडल्यावर सिलिंडरला आतून ओरखडे आहेत का ते बोटाने बघा, असतील तर नुसतं सील टिकणार नाही. उलट, इंजिन बंद केल्यावर जागेवर राहतो पण गरम तेलात उचलायलाच वेळ लावतो, तर पंप झिजला किंवा सक्शनची जाळी तुंबली. जाळी आधी धुवा. बऱ्याच जणांचा "पंप" जाळीतच बरा होतो.

नवे मॉडेल पारखायचे तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे टेस्ट रिपोर्ट वाचा. ब्रोशरवरचा एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटरला मिळतो तो पीटीओचा, तो रिपोर्टमध्ये वेगळा मोजून दिलेला असतो. तीन जागा नीट बघा. पहिली, ४३ अंशांच्या आसपासच्या हवेत केलेली चाचणी: त्यात ताकद किती घसरली आणि कूलंट कुठवर गेलं. नागपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे शोरूममधल्या थंड हवेतल्या गप्पांपेक्षा हा तक्ता कामाचा. दुसरी, दर तासाला किलोवॅटमागे डिझेल किती ग्रॅम लागलं. तिसरी, शेवटी इंजिन उघडून घेतलेली झिजेची मापं.

बाकी, सप्टेंबर २०२५ मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुनी कोटेशनं धरून हिशेब करू नका.

जुना ठेवायचा ठरला तर आरसी तपासा. १५ वर्षं उलटली आहेत, पुढचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि गाडी दाखवावी लागते. एमएच-४० ची पासिंग असेल तर ग्रामीण आरटीओ. पार्टचंही बघा. कंपनीच बंद झालेली असेल, उदाहरणार्थ एचएमटी, तिचा ट्रॅक्टर विभाग २०१६ मध्ये बंद झाला, तर किट मिळेल पण गिअर-शाफ्ट भंगारातूनच शोधावे लागतील.

---

वर्धारोड_पिकअप

थोडं विषयाबाहेर, पण संत्रा वाहायला पिकअप घेणारे इथे बरेच आहेत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीला हीच गोष्ट लागू. इतवारी-गांधीबागेत दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर डीपीएफला तापायला वेळच मिळत नाही, काजळी साठते, दिवा लागतो. दिवा पहिल्यांदा लागला की वर्धा रोडला किंवा समृद्धीवर २०-२५ मिनिटं एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या वर सलग चालवा, बहुतेक वेळा विझतो. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या साफसफाईचं डिझेल खाली उतरलेलं असतं, ते ऑइल लगेच बदला. शहरातल्याच छोट्या फेऱ्या असतील तर सीएनजी बघा.

---

नोजल_वाडी

लिफ्टची चाचणी आणि गरम ऑइल प्रेशर, दोन्ही एकाच दिवशी करून घ्या, इंजिन उघडायच्या आधी. प्रेशर चांगलं आणि लिफ्टचं फक्त सील निघालं तर माझं मत बांधून घ्या. वर्षाला ५०० तासांना तो पुरतो. क्रँकही गेला, लिफ्टचा सिलिंडरही ओरखडलेला आणि क्लचही संपत आलेला, तर उमरेडवाल्या भाऊंनी सांगितलेला ५० च्या आतला नवा.

बांधलाच तर पहिले ५० तास असे: आयडलला उगीच ठेवायचा नाही, रिंगा बसत नाहीत आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. पहिल्याच दिवशी पूर्ण खोलीचा रोटाव्हेटरही नाही. पंजी किंवा अर्धी भरलेली ट्रॉली, मध्यम लोड, कमी-जास्त रेस. हेडचे नट आणि टॅपेट पहिल्या ५० तासांच्या आत पुन्हा तपासायचे. हेडची पद्धत गॅस्केटच्या कंपनीने दिली असेल तशीच, काही गॅस्केटना पुन्हा कसायचं नसतं. ५० तासांना ऑइल-फिल्टर बदला, काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या चुंबकाने तपासा. बारीक काळपट भुकटी चालते. चकाकणारे पापुद्रे दिसले तर ट्रॅक्टर शेतात न नेता ज्याने बांधला त्याच्याकडे आधी न्या.